नगरपरिषदेची सभा: सत्कार सुमार, हद्दीवरचं भांडण मात्र पाहण्यासारखं

हॉटेलांचे, मिक्सरचे, मोबाइलचे अभिप्राय सगळे लिहितात. नगरपरिषदेच्या सभेचा कुणी लिहिलेला मी वाचला नाही. घरपट्टी भरून आपण सगळे तिचे गिऱ्हाईक आहोत, तेव्हा लिहायला हरकत नसावी. सभा लोकांना खुली असते. हजर सदस्यांनी बहुमताने ठरवलं तरच दार बंद होतं, एरवी कुणीही जाऊन मागे बसावं. पैसे पडत नाहीत, वेळ मात्र भरपूर जातो.

गावाचं नाव लिहीत नाही. पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव आहे एवढं पुरे. मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि संध्याकाळी ओढ्यालगतच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवते. आमचा चौदा वर्षांखालचा मुलींचा संघ यंदा तालुका, जिल्हा, विभाग असं करत राज्यस्तरीय शालेय स्पर्धेत तिसरा आला. म्हणून नव्या नगरपरिषदेने त्यांचा सत्कार ठेवला, तोही सर्वसाधारण सभेत, पहिलाच विषय म्हणून. त्याच विषयपत्रिकेवर खाली आमच्या मैदानाचा विषय होता: मैदान प्रभाग सातमधून काढून प्रभाग आठला जोडावं का, आणि तिथे दिवे कुणाच्या प्रस्तावातून लागावेत. एका तिकिटात दोन खेळ म्हणायचे.

आधी सत्काराबद्दल, कारण त्याला सगळ्यात कमी गुण आहेत.

पत्रात वेळ सकाळी अकराची होती. मुली साडेदहालाच गणवेश घालून जिन्यात उभ्या होत्या, त्यांना तशी सवयच आहे. सभागृहात गणपूर्ती व्हायला साडेबारा वाजले. तोवर मुलींना बसायला खुर्च्या नव्हत्या. पाण्याचा जार होता, पण पेला एकच आणि तो साखळीला बांधलेला. शिपाईमामांनी स्वतःच्या टेबलावरचे दोन स्टीलचे पेले काढून दिले. अख्ख्या कार्यक्रमात मला आवडलेली व्यवस्था तेवढीच, आणि ती नगरपरिषदेच्या खर्चातून झालेली नव्हती.

सत्काराचं साहित्य: शाल, श्रीफळ, गुलाबाचं एकेक फूल आणि सन्मानचिन्ह. सन्मानचिन्हं नऊच आणली होती. खो-खोत मैदानात नऊ जणी उतरतात, हे कुणाला तरी माहीत होतं म्हणायचं, पण संघ तेवढ्यावर संपत नाही हे माहीत नव्हतं. राखीव मुलींना नुसती शाल मिळाली. यातलीच एक राखीव मुलगी विभागीय अंतिम सामन्यात शेवटच्या पाळीला उतरली होती आणि तिने सूर मारून सामना काढला होता. निवेदकाला मी हे कानात सांगितलं. त्याने माइकवरून सांगितलं, "आणि या आहेत राखीव खेळाडू."

शालीचं मला खरंच कळत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीने शाल घेऊन करायचं काय? घरी गेल्यावर ती आजीच्या अंगावर जाते, ते एक बरं. त्याच पैशात प्रत्येकीला गुडघ्याच्या पट्ट्या आल्या असत्या. आमच्या मैदानावर मुरूम आहे. सूर मारला की कोपर सोलतं. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो मॅटवर. तिथे आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि कर्णधार होती प्रियंका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, तोही इथलाच. माझ्या मुलींनी ते सामने मोबाइलवर पाहिले आणि दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, "बाई, मॅटवर सूर मारला की लागत नाही का हो?" मला उत्तर देता आलं नाही, कारण मीही मॅटवर कधी खेळलेली नाही.

भाषणं पाच झाली. खाशाबा जाधव आलेच. खेळाडूंच्या सत्कारात ते येतातच, आणि यावेळी निमित्तही होतं, कारण त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी हा आता राज्य क्रीडा दिन आहे. १९५२चं हेलसिंकी, कुस्तीतलं कांस्य, परत आल्यावर निघालेली बैलगाड्यांची मिरवणूक, सगळं सांगून झालं. खाशाबा हेलसिंकीला गेले ते लोकांकडून आणि कर्ज काढून उभ्या केलेल्या पैशांवर, हा भाग कुणी सांगितला नाही. तो मैदानाच्या दिव्यांच्या फार जवळ गेला असता. अर्जुन पुरस्कारही त्यांना वारल्यावर मिळाला. हेही राहिलं.

फोटोची रचना नेहमीची: पुढच्या रांगेत पदाधिकारी, मागच्या रांगेत मुली, मुलींच्या डोक्यावर फलक. आमची कर्णधार उंचीने लहान आहे. छापून आलेल्या फोटोत तिच्या नावापुढे एका नगरसेवकाचा खांदा आहे.

पाचपैकी दीड. अर्धा गुण शिपाईमामांचा.

आता ज्याच्यासाठी हा अभिप्राय लिहायला घेतला ते, म्हणजे हद्द. पण त्यासाठी आधी गेल्या पावसाळ्यातल्या सुनावणीबद्दल सांगायला हवं, कारण त्याच गोष्टीच्या दोन सेवा मी वापरल्या आणि त्यांची तुलना करण्यासारखी आहे.

आमचं मैदान प्रभाग सातमध्ये आहे आणि मुली राहतात ती वस्ती रस्त्यापलीकडे, प्रभाग आठमध्ये. दिव्यांसाठी अर्ज केला की सातचे म्हणायचे, "बाई, पोरी तिकडच्या, तिकडच्यांना सांगा." आठचे म्हणायचे, "मैदान आमच्या हद्दीत नाही." त्यातून मधली जवळजवळ चार वर्षं तर नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. ओबीसी आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि राज्यभर निवडणुका थांबल्या. ६ मे २०२५ला न्यायालयाने निवडणुका लावायचा आदेश दिला, जूनमध्ये नगरविकास विभागाने प्रभाग रचना करायला सांगितलं, आणि पावसाळ्यात प्रारूप रचना, म्हणजे कच्चा मसुदा, सूचनाफलकावर लागली. बहुतेक लोक तिच्यात आपल्या गल्लीचं नाव शोधून घरी गेले. मी नकाशाचा फोटो काढला आणि हरकत लिहिली: दोन प्रभागांमधली सीमा रस्त्यावरून काढण्याऐवजी मैदानामागच्या ओढ्यावरून न्यावी. ओढा ही नैसर्गिक सीमा आहे, आणि नदी, नाला, डोंगर, मोठा रस्ता, रेल्वे यांवरून हद्द काढावी हे राज्य निवडणूक आयोगाच्याच सूचनांत लिहिलेलं आहे.

सुनावणी हा निव्वळ देखावा असतो असं मला दहा जणांनी सांगितलं होतं. माझा अनुभव तसा नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले अधिकारी होते, नावं क्रमाने पुकारत होते, टेबलावर उपग्रहाच्या चित्रावर हद्दी काढलेला नकाशा पसरलेला होता. मी हाताने काढलेला नकाशा नेला होता, तो त्यांनी शेजारी ठेवून पाहिला. एकच प्रश्न विचारला, तो मात्र नेमका.

"बाई, मैदानावर लोकसंख्या किती?"

"शून्य, साहेब."

"मग मैदान हलवायला माझी काही हरकत नाही. पण मैदान एकटं नाही."

मग त्यांनी जे समजावून सांगितलं ते मी इथे मांडते, कारण गावात प्रत्येकाला यातला अर्धाच भाग माहीत असतो. समजा गावाची लोकसंख्या ४०,००० आहे आणि सदस्य २०. म्हणजे एका सदस्यामागे २,००० माणसं, आणि आमच्यासारख्या नगरपरिषदेत एका प्रभागाला दोन सदस्य, अ आणि ब, म्हणून प्रभागाला ४,०००. यात दहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ३,६०० ते ४,४००. या चौकटीबाहेर प्रभाग न्यायचा तर सबळ कारण लागतं. आणि प्रभाग तोडायचा तो घर बघून नाही, प्रगणक गट बघून. प्रगणक गट म्हणजे जनगणनेच्या वेळी एका प्रगणकाला मोजायला दिलेला तुकडा, साधारण सहाशे-साडेसहाशे माणसांचा. तो शक्यतो फोडायचा नसतो. आमचं मैदान आणि त्याच्या कडेची चाळ एकाच प्रगणक गटात आहे. मैदान आठमध्ये न्यायचं तर चाळही जाणार, आणि आठ नंबर आधीच वरच्या टोकाला आलेला. हरकत अमान्य.

क्रमांकांचंही तेव्हाच कळलं. उत्तरेकडून सुरुवात करायची, ईशान्येला वळायचं, मग पूर्व, मग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत दक्षिणेला संपवायचं. म्हणून प्रभागांचे आकडे गावभर नागमोडी फिरतात, खो-खोत बसलेल्यांच्या मधून साखळीत पळणाऱ्या खेळाडूसारखे. सहा नंबरची माणसं आपला नंबर का बदलला म्हणून चिडली होती, त्यात कुणाचं कारस्थान नव्हतं.

एवढं सगळं पटलं, पण एक गोष्ट मी तिथेही बोलले आणि इथेही लिहिते. ही सगळी माणसं २०११च्या जनगणनेतली. २०२१ची जनगणना झालीच नाही. माझा संघ चौदा वर्षांखालचा, म्हणजे त्यातली एकही मुलगी २०११मध्ये जन्मलेलीच नव्हती. ज्या आकड्यांवरून त्यांची वस्ती कुठल्या प्रभागात आणि मैदान कुठल्या प्रभागात हे ठरलं, त्या आकड्यांत त्या नाहीतच. उलट चाळीतली कितीतरी कुटुंबं घरं सोडून नव्या वसाहतीत गेली, ती मात्र कागदावर अजून चाळीतच राहतात. साहेब म्हणाले, "बाई, शेवटची प्रसिद्ध जनगणना तीच आहे." बरोबर आहे. त्यांच्या हातात दुसरा कागद नव्हता.

हरकत अमान्य झाली तरी सुनावणीला मी पाचपैकी चार देते. वेळ पाळली, बोलू दिलं, मधे फोन घेतला नाही, नकाराचं कारण सांगितलं. एक गुण कापला तो बाहेरच्या बाकासाठी. त्याचा एक पाय तुटलेला आहे आणि त्यावर कुठे बसायचं हे फक्त नेहमीच्या लोकांना कळतं.

तर परत सभागृहात. २ डिसेंबरला मतदान झालं, २१ला मोजणी, नवे सदस्य आले. आणि दरम्यान आमचा संघ राज्यस्पर्धेत तिसरा आला. ज्या दिवशी बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मैदानाच्या दोन्ही बाजूंना फलक लागले. सातच्या फलकावर 'आमच्या मैदानाच्या वाघिणी', आठच्या फलकावर 'आमच्या प्रभागाच्या कन्या'. दोन्हीवर मुलींचा तोच एक फोटो, माझ्याच मोबाइलमधून गेलेला. मला कुणी विचारलं नव्हतं, पण फोटो चांगला आला होता हे खरं.

त्यामुळे मैदानाचा विषय आला तेव्हा जे सदस्य मैदान नको म्हणायचे तेच ते मागायला उभे राहिले. सातच्या सदस्या म्हणाल्या, मैदान आमचंच आहे, राहील, दिवेही आम्हीच लावू. आठचे सदस्य म्हणाले, मुली आमच्या आहेत, तेव्हा मैदान आमच्याकडे द्या, लगेच दिवे लावतो. कुणीतरी मागून ओरडलं, "मग दोन वर्षांपूर्वी का नाही लावले?" त्यावर सगळेच हसले, कारण दोन वर्षांपूर्वी दोघांपैकी कुणीच सभागृहात नव्हतं. मुली अजून मागे उभ्या होत्या, शाली हातात धरून, आणि मी सांगते, राज्यस्पर्धेतही त्यांनी एवढं लक्ष देऊन काही पाहिलं नसेल.

मुख्याधिकाऱ्यांनी उठून शांतपणे सांगितलं की हद्द बदलायचा अधिकार या सभागृहाला नाही. रचना शासनाच्या आदेशाने सुरू होते, हरकती जिल्हाधिकाऱ्यांकडे ऐकल्या जातात, राज्य निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली ती अंतिम होते, आणि एकदा निवडणूक झाली की पुढच्या निवडणुकीपर्यंत तिला हात लागत नाही. सभागृह फार तर विनंतीचा ठराव करू शकतं. आठच्या सदस्यांनी कोर्टात जायची भाषा केली. त्यांच्या शेजारच्या वकील सदस्याने हळूच सांगितलं की राज्यघटनेच्या कलम २४३ झेडजीने तो दरवाजा बराचसा बंद केलेला आहे. ते खाली बसले.

सगळ्यात चांगलं बोलले ते एक जुने सदस्य, तिसऱ्यांदा निवडून आलेले. ते म्हणाले, "हद्दीला कशाला एवढं चिकटता? नगरपंचायतीत प्रभागाला एक सदस्य, आपल्याकडे दोन, मोठ्या महापालिकांत चार, आणि मुंबईत परत एक. मुंबईच्या जागा २०२१ला २२७च्या २३६ केल्या आणि २०२२ला पुन्हा २२७. रेघा हलतात हो. मैदान हलत नाही." मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुढे म्हणाले की १ मार्च २०२७ या तारखेची जनगणना येते आहे, पुढची रचना बहुधा त्या आकड्यांवर होईल, त्यात या पोरी मोजल्या जातील, आणि पुढच्या निवडणुकीत यातल्या बऱ्याच जणी मतदान करतील, तेव्हा आज मागे कोण उभं आहे ते जरा वळून बघा. सभागृह खरंच वळलं. मुली गोंधळल्या, एकीने शाल डोक्यावरून घेतली.

नेमकं इथे ध्वनिक्षेपक बंद पडला. आमच्या सभागृहातला ध्वनिक्षेपक चांगल्या भाषणाला बंद पडतो आणि अभिनंदनाच्या ठरावाला चालू असतो, त्यामागे काय तंत्र आहे मला माहीत नाही. पुढची चर्चा मागच्या रांगेपर्यंत तुकड्यातुकड्यांनी पोहोचली. निष्कर्ष असा ऐकू आला की मैदान दोन्ही प्रभागांचं मानून दिव्यांचा एकत्रित प्रस्ताव करायचा आणि तो स्थायी समितीकडे पाठवायचा. सातच्या सदस्या सूचक, आठचे अनुमोदक. एवढं भांडून दोघांचं नाव एकाच ठरावावर आलं, ते मला मनापासून आवडलं.

चर्चेला पाचपैकी साडेतीन. मुद्द्याला धरून होती, माणसं खरंच चिडली होती, आणि ठराव झाला. दीड कापला तो ध्वनिक्षेपकासाठी आणि यासाठी की दोन तास चाललेल्या चर्चेत तिथे उभ्या असलेल्या एकाही मुलीला कुणी विचारलं नाही की तुम्ही खेळता किती वाजेपर्यंत, आणि अंधार पडतो किती वाजता. डिसेंबरात साडेसहाला पोल, म्हणजे खो-खोच्या मैदानाच्या टोकाचा खांब, दिसत नाही. पोलवर आपटून एकीचा दात गेला आहे. हे आकडे कुठल्याच जनगणनेत नसतात, पण मुलींना पाठ आहेत.

कुणाला जायचं असेल तर चार गोष्टी. विषयपत्रिका आधी सूचनाफलकावर लागते, तिचा फोटो काढून न्या, नाहीतर कुठला विषय चालू आहे कळत नाही. डाव्या बाजूला खिडकीजवळ बसा, तिथे ध्वनिक्षेपकाशिवायही ऐकू येतं. मुलांना नेणार असाल तर खाऊन न्या. सत्कार तुमचाच असेल तर संघाची यादी लेखी द्या, राखीवांसकट, आणि दिल्याची पोच आवक क्रमांक टाकून घ्या. आणि सत्कार आटोपला की लगेच निघू नका, सगळे तेवढ्यात निघतात. बघण्यासारखं त्यानंतर असतं.

इतिवृत्ताची प्रत मी नंतर अर्ज करून घेतली. ठराव बरोबर नोंदला आहे, सूचक, अनुमोदक, सगळं. सत्काराच्या नोंदीत मात्र आमचा 'कबड्डी संघ' झाला आहे. दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. स्थायी समितीची तारीख अजून लागलेली नाही.